पहिला प्रिंट काढण्यापूर्वी

डार्करूममध्ये कृष्णधवल फोटोंचे प्रिंट काढताना तुम्ही थेट मोठ्या फायबर पेपरवर (कागदी तळाच्या फोटो-पेपरवर) सुरुवात करू म्हणता. माझा आग्रह आहे की पहिले काही महिने ८ बाय १० इंचांच्या आरसी पेपरवरच (प्लास्टिकचा थर दिलेल्या फोटो-पेपरवर) काम करावे, कारण तो दोन मिनिटांत धुऊन होतो, तर फायबर पेपरला सुमारे तासभर वाहते पाणी लागते, आणि चुका करून शिकण्याच्या काळात इतके पाणी खर्चणे मला योग्य वाटत नाही.

खरा वेळ टेस्ट स्ट्रिपला, म्हणजे प्रकाशाची योग्य वेळ शोधण्याच्या चाचणी-पट्टीला, द्या. निगेटिव्हमधून पडणाऱ्या चित्रातील सर्वांत महत्त्वाच्या उजळ भागावर पेपरची पट्टी ठेवून, पाच-पाच सेकंदांनी पुठ्ठा सरकवत प्रकाश द्या, आणि ज्या पायरीवर त्या भागातला पोत नुकता दिसू लागतो, ती वेळ धरा. सावल्या किती काळ्या हव्यात हे त्यानंतर कॉन्ट्रास्टचा (उजळ-गडद छटांमधला फरक कमी-जास्त करणारा) फिल्टर बदलून ठरवावे. इल्फर्ड कंपनीच्या मल्टिग्रेड फिल्टर-संचात ४ किंवा ५ क्रमांक वापरल्यास प्रकाशाची वेळ साधारण दुप्पट करावी लागते.

प्रिंट फार गडद होतो आहे असे वाटून तो डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या द्रावणातून) घाईने उचलू नका, कारण त्यामुळे काळ्याला खोली येत नाही. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसवर असावा. मे महिन्यात त्यासाठी ट्रेखाली बर्फाचे पाणी ठेवावे लागते.

ओल्या प्रिंटवर मात्र विश्वास ठेवू नका. वाळल्यावर, विशेषतः फायबर पेपरवर, उजळ छटा थोड्या गडद होतात. हे कळायला मला फार वर्षे लागली. आता मी पट्टी हेअर ड्रायरने वाळवून, साध्या दिव्याखाली पाहूनच वेळ ठरवतो.