उपवासकाळात कादंबरी वाचली तर ते आध्यात्मिक वाचन ठरतं का?

तुम्ही विचारलंय की, उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, रोज अर्धा तास आध्यात्मिक वाचन करायचं ठरवलंय, पण संतचरित्रांत मन रमत नाही; त्याऐवजी कॅथलिक लेखकांच्या कादंबऱ्या वाचल्या तर चालतील का, आणि त्या इतरांना कशा द्याव्यात? तुमचे मामा म्हणतात, येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियसनी कादंबऱ्या सोडल्या तेव्हा कुठे ते संत झाले.

मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. रविवारी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा झाली की आम्ही पाच-सहा जणी माझ्या घरी बसतो आणि एखादी कादंबरी थोडी थोडी वाचतो. निम्म्या जणींना इंग्रजी जड जातं, म्हणून मी आधी वाचून ठेवते आणि प्रकरण मराठीत सांगते. त्या अनुभवावरून सांगते, नक्की वाचा.

आधी मामांचं म्हणणं घेऊ. १५२१ साली स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून इग्नेशियसचा पाय मोडला. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्याच मागितल्या होत्या. घरात त्या नव्हत्या. हाती आलं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते कधी एका थोर घरच्या स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी असिसीच्या संत फ्रान्सिससारखं जगायची. रंगवताना दोन्ही गोडच लागायची. पण पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा, हे त्यांनी हेरलं. मामांना एवढंच सांगा की, पुस्तक मिटल्यावर मनात काय उरतं, ही इग्नेशियसचीच कसोटी आहे, आणि ती कादंबरीलाही लावता येते. मला स्वतःला काही संतचरित्रं वाचून फक्त अपराधी वाटलंय. प्रार्थनेला बसावंसं काही वाटलं नाही.

कसोटीला उतरलेली पहिली कादंबरी सांगते. ग्रॅहम ग्रीन यांची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’, १९४० सालची. मेक्सिकोच्या टाबास्को राज्यात धर्मगुरूंना वेचून मारलं जात होतं, तो काळ. तिथे लपतछपत फिरणारा एक फादर. त्याला दारूचं व्यसन आहे, एक मुलगीही आहे. त्याला अख्ख्या कादंबरीत नाव नाही. राज्यात दारूबंदी, आणि मिस्सेसाठी द्राक्षारस तर हवाच. शेवटचे पैसे मोजून तो चोरून एक बाटली मिळवतो आणि विकणारी माणसंच ती त्याच्यासमोर बसून संपवतात. याला बोलता येत नाही, कारण बोललं की ओळख पटणार. तो नुसता रडतो. मी हे शेजारच्या काकूंना सांगितलं. त्या गुरुचरित्राचं पारायण करणाऱ्या. त्या म्हणाल्या, “अगं, देवापुढं ठेवायच्या आधीच नैवेद्याचं ताट कुणी ओढून घ्यावं, तसं झालं हे!” ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरी-द्राक्षारसाची, ओढ म्हणजे काय, हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गटात मात्र एकीला राग आला. असला फादर आपण का वाचायचा? हा राग जुना आहे. व्हॅटिकननेही १९५० च्या दशकात या कादंबरीवर आक्षेप घेतला होता. पुढे १९६५ मध्ये ग्रीन पोप सहावे पॉल यांना भेटले, तेव्हा पोपनी ती वाचलेली होती. काही कॅथलिकांना तुमच्या पुस्तकांतलं काहीतरी खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असं पोप त्यांना म्हणाले. आमच्या त्या ताईंना मी इतकंच सांगितलं की, फादर पकडला जातो तिथपर्यंत ऐका. तुरुंगातल्या अंधारात, खच्चून भरलेल्या कोठडीत तो सांगून टाकतो की मी धर्मगुरू आहे. त्याच्या डोक्यावर बक्षीस आहे, तरी त्या चोर-भामट्यांतला एकही त्याला धरून देत नाही. ते ऐकल्यावर ताई पुढच्या रविवारी आल्या, आणि अजून येतात.

कथेतून देवाकडे जाणं आपल्याकडे कुणाला परकं वाटू नये. कीर्तनात पूर्वरंगातलं निरूपण कितीही चांगलं झालं, तरी डोळ्यांत पाणी येतं ते उत्तररंगातल्या आख्यानाला. इंग्लंडहून गोव्यात आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी हे ओळखलं होतं, म्हणूनच १६१६ मध्ये छापलेलं त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे. पोप फ्रान्सिस यांनीही जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनावर एक पत्रच लिहिलं. ऐन तरुणपणी ते सांता फेच्या शाळेत साहित्य शिकवत, हे त्यात येतं.

आता इतरांना देण्याविषयी, कारण इथे माझी मोठी चूक झाली. जॉर्ज बर्नानोस यांची एका खेड्यातल्या फादरच्या रोजनिशीच्या रूपातली कादंबरी आहे, १९३६ ची. तिच्यात मूल गमावलेली, देवावर रुसून आत गोठलेली एक सरदारीण आहे. तरुण फादर तिच्याशी बोलतो, तिचं मन मोकळं होतं आणि त्याच रात्री तिचा मृत्यू होतो. मला तो भाग इतका भिडला की मुलगा गेलेल्या एका मैत्रिणीच्या हाती मी पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, “वाच, बरं वाटेल.” तिने दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. पुस्तक मी औषधाच्या गोळीसारखं दिलं होतं, तेही न विचारता. आता मी ‘हे तुझ्यासाठी आहे’ असं कुणाला म्हणत नाही. ‘मला हे वाचून असं असं झालं’ एवढं सांगते आणि थांबते. मागितलं तरच देते. वाचून झाल्यावर ‘काय शिकलात?’ हा शाळेतला प्रश्न तर अजिबात नको, ‘कुठे अडलात?’ असं विचारा.

अर्ध्या तासाचं म्हणाल, तर पहिली दहा मिनिटं त्या दिवसाच्या शुभवर्तमानाला, म्हणजे बायबलमधल्या येशूविषयीच्या वाचनाला द्या; ती कादंबरीला देऊ नका. मग एकच प्रकरण, पुढे काय होतं याची कितीही उत्सुकता असली तरी. मग पुस्तक मिटून जरा गप्प बसा.

आमच्याकडे सध्या शुसाकू एंडो यांची ‘सायलेन्स’ चालू आहे, सतराव्या शतकातल्या जपानमधल्या छळाची. ज्याने चांदीच्या नाण्यांसाठी फादरना धरून दिलं, तो किचिजिरो पुन्हा पापनिवेदनाला आलाय. आमच्यातल्या दोघींचं म्हणणं, याला आता हाकलूनच द्यायला हवं. येत्या रविवारी तिथूनच पुढे वाचणार आहोत.