गाठ, खाज आणि घोडीची किंमत

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घोडी विकायचं ठरवलंस ते बरोबरच आहे. पण पायावरची गाठ, खुरांचा वास आणि मानेची खाज असा तिहेरी हिशेब मांडून गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच किंमत तिसऱ्या हिश्शाने उतरवलीस, ही घाई झाली. हे तीन दोष एका तराजूत घालण्यासारखे नाहीत.

गाठीचं बघू. पुढच्या पायाच्या नळीला, गुडघ्याखाली आतल्या अंगाला ती आहे, असं लिहितेस. तिथे मोठ्या हाडाला एक बारीक हाड चिकटलेलं असतं. कोवळ्या वयात जास्त काम पडलं किंवा ठोकर लागली की दोघांमधला बंध दुखावतो आणि शरीर तिथे नवं हाड चढवतं. गाठ टणक नि गार असेल, दाबल्यावर घोडी पाय ओढून घेत नसेल, तर बहुतेक वेळा तो नुसता डाग. रपेटीसाठी घोडी घेणाऱ्याने त्यापायी फारसे पैसे कापू नयेत. रूप पाहून गुण देणाऱ्या स्पर्धेसाठी घेणारा कापेल, आणि त्याचंही चुकत नाही. गाठ अगदी वर गुडघ्यालगत किंवा मागे स्नायुबंधाकडे सरकलेली असेल, तर मात्र एक्स-रे काढून ठेव.

खुराच्या वासाला लोक हसण्यावारी नेतात. तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या खाचेत काळपट, कुजका चिखल साचतो. खूर रोज कोरून साफ केला, खाली कोरडं अंथरूण ठेवलं आणि नालबंदाकडून सडका भाग काढून घेतला, की साधी सड काही आठवड्यांत आटोक्यात येते. खर्च किरकोळ. पण पाय उचलल्याबरोबर वास आला की घेणाऱ्याच्या मनात येतं, जे दिसतंय त्याची ही तऱ्हा, तर न दिसणाऱ्याचं काय? मग पुढचं तुझं प्रत्येक वाक्य तो निम्म्याने ऐकतो. हे आधी निस्तर, मगच घोडी दाखव.

खूर हातात असतानाच बाहेरची भिंतही बघ. ती महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते, म्हणजे वरून खालपर्यंत जवळपास वर्षभराची रोजनिशीच. चारा बदलला, ताप आला तरी वळ्या उमटतात. त्या टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद असतील, तर जाणता माणूस खुरदाहाची, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज येण्याच्या रोगाची, शंका घेणारच. तो दोष किरकोळ नव्हे.

खरी अडचण खाजेची. बारीक चिलटांच्या चाव्याची ही अ‍ॅलर्जी दर उबदार मोसमात परतते आणि सहसा जन्मभर जात नाही. मी एकदा असाच घोडा थंडीत विकला. अयाळ भरून आली होती, विचारलं नाही म्हणून मीही बोललो नाही. उन्हाळ्यात घेणाऱ्याचा निरोप आला, शेपटीचं मूळ घासून घासून रक्ताळलंय. घोडा परत घ्यावा लागला. आणि पुढचे दोन घोडे? ते बघायलाही कोणी फिरकलं नाही. तेव्हा खाजेचे पैसे खुशाल कमी कर. कोणत्या महिन्यात सुरू होते, अंगावर झूल घालून किती आवरते, हे मात्र आपणहून सांग.

घेणारा पशुवैद्य आणेल. तो सांधा मिनिटभर मुडपून धरील आणि लगेच दुडकीवर पळवायला सांगेल. त्यात दोन पावलं अडखळली म्हणून सौदा मोडत नाही. पंधरा वर्षांच्या घोडीचे घोट्यावरचे मऊ फुगे तो सोडून देईल, चार वर्षांच्या घोडीचे देणार नाही. धावताना घशातून घरघर येत असेल तर शर्यतीसाठी घेणारा तिथूनच परत फिरेल, मुलांना शिकवण्यासाठी घेणारा कदाचित नाही. एक मात्र करू नकोस. त्या दिवसासाठी वेदनाशामक देऊ नकोस. घोड्यांना नेहमी देतात ते फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक रक्ताच्या तपासणीत सापडतं, आणि घेतलेला नमुना पुढे कित्येक महिने जपून ठेवण्याची पद्धत आहे.

किंमत आता लगेच ठरवू नकोस. उद्या सकाळी, कामाला काढायच्या आधी, त्या गाठीवर तळहात ठेव आणि मग दुसऱ्या पायावर त्याच जागी ठेव. दोन्हीकडे सारखंच गार लागतं का, तेवढं कळव.

कळावे.