‘वर्णन पुष्कळ, चिकित्सा नाही’

प्रश्न : मी मूळची सोलापूरची असून सप्टेंबरपासून इंग्लंडमधील एका विद्यापीठात जलव्यवस्थापन या विषयात एम.एससी. करीत आहे. बी.ई.ला मला ७८ टक्के होते. येथे पहिल्याच निबंधाला ५४ गुण मिळाले आणि ‘वर्णन पुष्कळ, चिकित्सा नाही’ असा शेरा आला. वीस लेख वाचून, रात्री जागून तो निबंध लिहिला होता. टर्निटिन या, मजकुराचे इतर लेखनाशी साम्य शोधणाऱ्या संगणक प्रणालीच्या तपासणीत २४ टक्के साम्य दाखवले, त्यामुळे चोरीचा ठपका येईल अशी धास्ती वाटते. वर्ग आठवड्याला जेमतेम आठ तास असल्याने मी वीस तासांची नोकरीही धरली आहे. माझे कोठे चुकते आहे? (निबंधातील एक परिच्छेद सोबत पाठवला आहे.)

उत्तर : ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पातळीवर साधारणपणे ५० गुणांना उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन धरतात. त्यामुळे आपल्याकडच्या ७८ शी या ५४ ची तुलना करू नका. मेरिटपासून तुम्ही सहा गुण दूर आहात, मात्र आणखी वीस लेख वाचून ते सहा गुण मिळणार नाहीत.

‘सविस्तर माहिती लिहा’ या प्रश्नाला जितके मुद्दे तितके गुण, हे गणित शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेले असते, आणि तुमचा परिच्छेद नेमका त्याच सवयीने लिहिलेला आहे. एका संशोधकाच्या मते मीटर बसवल्याने पाण्याची नासाडी घटते, दुसऱ्याच्या मते गरीब कुटुंबांवर बोजा पडतो, तिसऱ्याला लोकसहभाग महत्त्वाचा वाटतो, असे तुम्ही एकाखाली एक नोंदवले आहे. प्रत्येकाचे म्हणणे नीट उतरवले आहे. पण त्यांपैकी कोणाचे तुम्हाला पटते, का पटते आणि कोणत्या परिस्थितीत पटत नाही, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. परीक्षकाला चिकित्सा हवी असते ती हीच.

पहिल्या संशोधकाने आकडेवारी कोठून घेतली हे लेख उघडून पाहा. ती चोवीस तास पाणी येणाऱ्या शहरांतील असेल, तर असे लिहिता येईल : ‘हा निष्कर्ष अखंड पुरवठ्याच्या शहरांपुरता खरा मानता येतो, जेथे पाणी काही दिवसांआड येते, तेथे पाणी सुटताना रिकाम्या नळातील हवेनेही मीटर फिरू शकतो, म्हणून तेथील नोंदीवरून खऱ्या वापराचा अंदाज बांधताना सावध राहावे लागते.’ पाणी सुटण्याची वाट पाहत वाढलेल्या सोलापूरच्या मुलीला हा मुद्दा कोणी समजावून सांगावा लागणार नाही. घरचा अनुभव पुरावा म्हणून चालत नाही, त्यासाठी खंडित पुरवठ्यावरील अभ्यासाचा संदर्भ द्यावाच लागतो; पण कोणता पुरावा शोधायचा, हे ज्याने ते जगलेले असते त्याला लवकर कळते. तुमच्या वर्गात हे बळ फार थोड्या जणांकडे असेल, आणि निबंधात तुम्ही ते वापरलेच नाही याचे मला मनापासून वाईट वाटले.

२४ टक्के हा आकडा म्हणजे निवाडा नव्हे. अवतरणचिन्हांतील मजकूर, संदर्भसूची आणि नेहमीचे शब्दप्रयोगही त्यात मोजले जाऊ शकतात. अहवाल उघडून रंगवलेली वाक्ये एकेक करून पाहा. मूळ वाक्यातील चार शब्द बदलून रचना तशीच ठेवलेली आढळली, तर संदर्भ दिलेला असूनही ती चूकच आहे. लेख वाचून झाल्यावर तो मिटून ठेवा, हवे तर मराठीत, स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा आणि त्या ओळींवरून इंग्रजी वाक्य तयार करा. दोन भाषा येणाऱ्याला ही सोय आयतीच मिळते.

वेळेबाबत मात्र तुमचा मोठा गैरसमज झाला आहे. तेथे अभ्यासाचा भार क्रेडिट या एककात मोजतात आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे वीस क्रेडिटच्या एका मॉड्यूलला (अभ्यासक्रमातील एका विषयाला) २०० तास, आणि एका सत्रात अशी तीन मॉड्यूल असतील तर ६०० तास. नाताळची सुट्टी धरून पंधरा आठवड्यांत ते बसवले, तरी आठवड्याला चाळीस तास होतात. वर्गाचे आठ तास सोडले, तर उरलेले बत्तीस तास मोकळे नसून वाचनाचे आणि लेखनाचे आहेत. व्हिसा सत्रकाळात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करू देतो, पण त्यावर आणखी चाळीस तास अभ्यास झेपेल असे त्यातून ठरत नाही. घरभाड्याची निकड मला कळते. तरीही निबंध द्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे तरी कामाच्या पाळ्या कमी करून घ्या. मुदत गाठता येणार नसेल, तर ती वाढवून मागण्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच करावा, नंतर सहसा ऐकून घेत नाहीत.

प्राध्यापक भेटीसाठी ठरावीक तास राखून ठेवतात, आणि आपली मुले तेथे संकोचाने जात नाहीत. पुढच्या आठवड्यात जुना परिच्छेद आणि वरच्या पद्धतीने नव्याने लिहिलेला परिच्छेद, असे दोन्ही छापून घेऊन जा. ‘मला गुण कमी का पडले?’ असे न विचारता, ‘दुसऱ्या परिच्छेदातील युक्तिवादाला हा पुरावा पुरतो का?’ असे विचारा.