समासात टिपा लिहिल्याने वाचन खरंच चिकित्सक होतं का?

होतं, पण टीप म्हणजे नुसतं अधोरेखन नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या 10 पद्धती तपासल्या, त्यात हायलायटर फिरवण्याची उपयुक्तता कमी ठरली. 'हे असं का?' असं स्वतःला विचारण्याची पद्धत त्याहून वरचढ निघाली. पान पिवळंधमक झालं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, एवढंच.

समजा, अग्रलेखात वाक्य आहे: 'कर्जमाफीने शेतकऱ्यांचे प्रश्न सुटत नाहीत, हे वारंवार सिद्ध झाले आहे.' शेजारी लिहा: कोणी सिद्ध केलं? कोणत्या कर्जमाफीनंतर? 'प्रश्न' म्हणजे थकबाकी, की शेतमालाचा भाव? पुढच्या परिच्छेदात आकडा आला तर बाण काढून इथे जोडा. नाहीच आला, तर 'पुरावा नाही' एवढं लिहा. लेखकाचं मत कुठे संपतं आणि माहिती कुठे सुरू होते, हे अशा वेळी दिसू लागतं. मत पटत असेल तिथे तर मुद्दाम शंका लिहा. आपल्या बाजूचा मजकूर आपण फार सैल वाचतो.

पहिल्या वाचनात पेन्सिल बाजूलाच ठेवा, नाहीतर सगळंच महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या वाचनात परिच्छेद संपला की त्याचा मुद्दा चार-पाच शब्दांत, स्वतःच्या भाषेत लिहा. जमलं नाही तर परत वाचा. ग्रंथालयाच्या पुस्तकावर मात्र कृपया नको, चिकटचिठ्ठ्या वापरा. पीडीएफवर कॉमेंटची सोय असतेच.