लिहिता-वाचता : रणात पडलेले आणि मागे उरलेले

प्रश्न : महाभारतावर फॅनफिक्शन, म्हणजे मूळ पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी, लिहितो. कौरवांकडून लढलेल्या कृतवर्म्याची युद्धानंतरची गोष्ट सहा भागांत लिहिली. अभिप्राय येतात ते 'छान', 'डोळे पाणावले' एवढेच. एकाने मात्र 'त्याची निष्ठा पटली नाही' असं लिहून विषय संपवला. दुरुस्ती कुठे करू?

उत्तर : 'कशी वाटली?' असं विचारलं की 'छान' हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी भागाखाली दोन प्रश्न टाका. वाचणं कुठे सोडावंसं वाटलं? आणि हा माणूस आता दुर्योधनाला सोडून जाईल, अशी शंका कुठे आली? दुसऱ्याला सगळ्यांनी 'कुठेच नाही' म्हटलं, तर दोष तिथेच आहे. जाण्याची वाटच दिसली नाही, तर न जाण्याला किंमत कसली?

कृतवर्म्याला ती वाट होती. तो यादव, त्याच्याच कुळातले कृष्ण आणि सात्यकी समोरच्या बाजूला. त्यांच्यापैकी एकाशी त्याची गाठ घालून द्या, अगदी दोन ओळींची का होईना.

मग मसुद्यातले 'निष्ठा', 'इमान', 'ऋण', 'स्वामी' हे शब्द त्याच्या तोंडून काढून टाका. जो प्रसंग त्यामुळे कोसळेल, तिथे कृती नव्हती, नुसती घोषणा होती. कृती मूळ ग्रंथातच आहे. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना मारायला पांडवांच्या शिबिरात शिरतो, तेव्हा कृप आणि कृतवर्मा दारात उभे राहून जीव घेऊन पळणाऱ्यांना कापतात. कृतवर्म्याची निष्ठा त्या दारात दिसते, आणि ती देखणी नाही. युद्धानंतर ३६व्या वर्षी प्रभासक्षेत्री सात्यकी हीच गोष्ट काढून त्याला हिणवतो आणि त्याचं डोकं उडवतो. गोष्ट युद्धानंतरची आहे, तर या मधल्या वर्षांत त्या दाराचं त्याने काय केलं, हे वाचकाला कळायला हवं. 'पटली नाही' म्हणणाऱ्याला बहुधा हेच खटकलंय.

प्रश्न : मी फक्त वाचक. एका कथेत कर्ण हाती सापडलेल्या नकुलाला जिवंत सोडतो. ही मित्राशी बेइमानी नाही का? लेखिकेला न दुखावता कसं सांगू?

उत्तर : आधी मूळ पाहा. उद्योग पर्वात कर्ण कुंतीला शब्द देतो की अर्जुन सोडून तुझ्या इतर मुलांना मारणार नाही; तुझे पाच पुत्र पाचच राहतील. पुढे भीम, सहदेव, नकुल, युधिष्ठिर चौघेही त्याच्या तावडीतून जिवंत सुटतात. दुर्योधनाला न विचारता दिलेला शब्द आहे हा! तेव्हा तुमची शंका रास्तच, फक्त ती लेखिकेची चूक नाही. 'कर्ण असं करणार नाही' असा निकाल देऊ नका. खटकलेलं वाक्य उतरवा आणि लिहा : 'इथे मला वाटलं की तो दुर्योधनाला फसवतोय, तुम्हाला तसंच वाटायला हवं होतं का?' एक जमलेली जागाही नेमकी सांगा. तिची वाक्यं स्वतः सुधारून पाठवू नका; तिने मागितली तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझ्या कथेत मशालींच्या उजेडात लढाई आहे. 'सूर्यास्तानंतर युद्ध थांबायचं, एवढंही माहीत नाही?' असा अभिप्राय आलाय.

उत्तर : तुमचं बरोबर आहे. चौदाव्या दिवशी जयद्रथ पडल्यावर लढाई रात्रीही चालू राहिली. घटोत्कच त्याच रात्री मारला गेला. पण अभिप्रायाखाली वाद घालत बसू नका. नियम मोडला जातोय याचं आश्चर्य कथेतल्याच एखाद्या सारथ्याला वाटू द्या. एका वाक्याचं काम आहे.

प्रश्न : मेलेल्या योद्ध्याला मी परत आणलं. वाचक म्हणतात, 'मग आधी रडवलंत कशाला?'

उत्तर : रागावण्याचा त्यांना हक्क आहे. परत आणायला हरकत नाही, पण मुदत घाला. आश्रमवासिक पर्वात व्यास युद्धात पडलेल्यांना गंगेतून वर आणतात ते एकाच रात्रीपुरते. वैर मावळलेलं असतं, कर्ण आणि पांडव एकमेकांना भेटतात, आणि पहाटे सगळे पुन्हा पाण्यात. ज्या विधवांना नवऱ्यासोबत जायचं असतं, त्या मागोमाग नदीत उतरतात. मृत्यू रद्द होत नाही. मागे उरलेल्यांना फक्त पुन्हा एकदा निवड करावी लागते. तुमच्या कथेत परतलेला माणूस कायमचा राहतो आणि तिसऱ्या भागात शिकारीला जातो. तो भाग गाळा. त्याला सकाळपर्यंतच ठेवा, आणि त्या रात्री त्याच्या जुन्या सेवकाला जागं ठेवा.