अँजिओग्राफी स्वच्छ, तरी हृदय दुबळे : ॲड्रेनलच्या गाठीचा संबंध

ऐरोलीच्या ताईंच्या 42 वर्षांच्या बहिणीला अचानक धाप लागून गुलाबी, फेसाळ थुंकी आली. इकोमध्ये हृदयाचा जोर कमी दिसला, अँजिओग्राफीत अडथळा नव्हता आणि सीटी स्कॅनमध्ये डाव्या ॲड्रेनल ग्रंथीवर (मूत्रपिंडाच्या माथ्यावरची छोटी ग्रंथी) गाठ सापडली. या दोहोंचा संबंध आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, संबंध असण्याची शक्यता नक्कीच आहे. ही गाठ फिओक्रोमोसायटोमा असेल, तर ती ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन ही संप्रेरके रक्तात बेसुमार, कधी झटक्यासरशी सोडते; त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब उसळतो आणि हृदयाच्या स्नायूला थेट इजा होते. चित्र टाकोत्सुबोसारखे (तीव्र ताणानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा आजार) दिसते, परंतु नेहमीच्या टाकोत्सुबोत हृदयाचे टोक सुस्तावते, तर या गाठीच्या रुग्णांत पुष्कळदा टोक नीट हलते आणि तळाकडचा भाग थंडावतो. फुफ्फुसात पाणी केवळ दुबळ्या हृदयामुळेच साचते असे नाही; तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला दाब वाढून त्या झिरपू लागल्यामुळेही साचते. म्हणूनच इको जवळपास ठीक असतानाही रुग्ण गुदमरू शकतो आणि त्यावर न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात. मला ही अवस्था सर्वांत फसवी वाटते.

दिलासा हा की वेळीच उपचार झाले, तर असे हृदय बहुतेकदा सावरते.

खात्रीसाठी रक्तातील किंवा 24 तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन (ॲड्रेनालिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासतात. आयसीयूतल्या गंभीर आजारातही हे आकडे वाढतात, म्हणून वाढ किरकोळ असल्यास प्रकृती स्थिरावल्यावर तपासणी पुन्हा करावी. तोवर गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नका आणि उलटीवर मेटोक्लोप्रामाइड देण्याआधी डॉक्टरांना गाठीची आठवण करून द्या. दोन्हींमुळे रक्तदाबाचा जीवघेणा झटका येऊ शकतो. धडधड थांबवण्यासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) आधी सुरू करणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण अल्फा ब्लॉकरविना (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) रक्तवाहिन्या अधिकच आकसतात. निदान पक्के झाल्यास शस्त्रक्रियेपूर्वी साधारण 7 ते 14 दिवस अल्फा ब्लॉकर देऊन, हृदय सावरू देऊन मगच गाठ काढावी, असे माझे ठाम मत आहे. दुसरे मत हवे असल्यास परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा आजार आनुवंशिक असतो. तेव्हा निदान ठरल्यावर बहिणीच्या जनुकीय चाचणीविषयी विचारा आणि तुमचाही रक्तदाब तपासून घ्या.