बोडीकाठची रानफुलं

प्रश्न : आमची वाडी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून आहे. खालचा तुकडा दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. कोहळ्याचे वेल भरपूर फुलतात, पण इवलीशी कोहळी पिवळी पडून गळतात. मधमाश्या याव्यात म्हणून त्या ओलीत कोणती रानफुलं लावू?
— एक वाचक भगिनी, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : ताई, आधी कोहळ्याचं. त्याचं फूल पहाटे उमलतं अन् दुपारच्या आत मिटतं. तेवढ्यात माशी फिरकली नाही, की मादी फुलाखालचं कोहळं गळतं. यंदापुरतं सकाळीच नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलात फिरवा.

रानफुलांसाठी विकतचं बियाणं आणू नका. तेरडा, माका, रतोलिया तिथे आपसूक येत असतील अन् निंदणात जात असतील. काठाचा एक पट्टा निंदायचाच नाही, एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

तेरड्याची पिकली बोंडं हात लावताच फुटतात, म्हणून थोडी आधीच खुडा. बी पहिल्या पावसात फेका. पावसाळी कोहळं फुलतं तेव्हाच तोही फुलतो. त्याचा मध फुलामागच्या शेपटीत असतो. तो प्यायला माशी आत शिरली, की पराग तिच्या पाठीला लागतो.

माझा जीव मात्र तालिमखान्यावर. काटेरी म्हणून लोक उपटतात. पण पाणी ओसरलं, तेरडा वाळला, धान कापायला आलं, की काठावर जांभळी फुलं घेऊन हाच उभा असतो. बी भिजलं की चिकट होतं, चिखलाला धरून बसतं. नुसतं फेकलं तरी चालतं. मयूर भिरभिरी या फुलपाखराच्या अळ्या त्याची पानं खातात, खाऊ द्या. वाटेवर तेवढा नको, पोरं अनवाणी पळतात.

अगदी पाण्यालगत जलब्राह्मी सोडा. न्हाणीचं पाणी तिकडे जात असेल, तर ती खायला तोडू नका. आणि कुणी कितीही सांगो, बेशरम लावू नका. तिच्यावरही माश्या येतात, पण एकदा काठ धरला की बोडी तिचीच.

निळ्या पट्ट्यांची एक माशी मातीच्या भिंतीत घर करते. वांग्याच्या फुलाला धरून ती अंग थरथरवते, तेव्हा कुठे पराग झडतो. गोठ्याची एखादी मातीची भिंत तिच्यासाठी सिमेंटवाचून राहू द्या. धानावर फवारा मारावाच लागला, तर संध्याकाळी मारा, वारा काठाकडे नसताना.